अमेरिकेत मेडिकल असिस्टंट व्हायचंय? मग शाळेपासून नाही, नोकरीच्या जाहिरातीपासून सुरू करा

दर वर्षी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कोणीतरी मला गाठतंच, "अगं तू ते मेडिकल असिस्टंटचं केलंस ना, कुठून केलंस, पैसे किती लागले, मला पण करायचंय." रांगेत उभ्या उभ्या पाच मिनिटांत हे सांगून होत नाही, आणि अर्धवट सांगितलं तर समोरची बाई दुसऱ्या दिवशी पहिल्या दिसलेल्या शाळेत जाऊन पैसे भरून येते, असं माझ्या बघण्यात दोनदा झालंय. त्यातल्या एकीचे जवळजवळ चौदा हजार डॉलर गेले आणि हातात जे सर्टिफिकेट आलं त्यावर तिला हव्या त्या परीक्षेला बसताच येईना. म्हणून या वेळी सगळं लिहूनच काढतेय. मी सांगलीची, बीकॉम झालेली, लग्नानंतर न्यू जर्सीत आले, दहा वर्षं घर आणि मुलं बघितली आणि अडतिसाव्या वर्षी हा कोर्स केला. एका फॅमिली प्रॅक्टिसच्या क्लिनिकमध्ये आता सहावं वर्ष चालू आहे.

आधी एक गोंधळ मिटवू. मेडिकल असिस्टंट म्हणजे एमए आणि फिजिशियन असिस्टंट म्हणजे पीए, ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत. पीएला मास्टर्स करावं लागतं, तो पेशंट तपासतो, निदान करतो, औषध लिहून देतो. एमए यातलं काहीच करत नाही. एमएचं काम म्हणजे पेशंटला नावाने आत बोलवायचं, वजन उंची बीपी नाडी ताप ऑक्सिजन बघायचं, आज कशासाठी आलात, कुठली औषधं चालू आहेत, कशाची अ‍ॅलर्जी आहे हे विचारून कॉम्प्युटरवर टाकायचं, डॉक्टरांनी ऑर्डर दिली की लस टोचायची, रक्त घ्यायचं, ईकेजी काढायचा (आपण ज्याला ईसीजी म्हणतो तोच), लघवीची पट्टी बघायची, आणि या सगळ्याच्या मधे मधे फोन, अपॉइंटमेंट, रेफरल, फार्मसीचे निरोप आणि इन्शुरन्सवाल्यांशी औषधाच्या मंजुरीसाठी डोकेफोड. आपल्याकडे गावच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर असायचे ना, सगळ्या गावाची नाडी माहीत असलेले, त्यांच्या जवळपास जाणारं हे काम आहे, फक्त इथे स्वतःच्या मनाने एक गोळीसुद्धा सुचवायची नाही आणि जे कराल त्याची नोंद झालीच पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. सगळे आधी शाळा शोधतात. तसं करू नका, उलटं या. तुमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासात जी क्लिनिकं आणि हॉस्पिटलची ओपीडी आहेत त्यांच्या एमएच्या निदान पंधरा-वीस जाहिराती उघडा आणि वहीत लिहा की कोण कुठलं सर्टिफिकेट मागतंय. कोणी सीएमए म्हणेल, कोणी सीसीएमए, कोणी आरएमए (ही वेगवेगळ्या संस्थांच्या परीक्षांची सर्टिफिकेटं, पुढे सांगते), कोणी लिहील की यातलं कुठलंही चालेल, कोणी म्हणेल नोकरीला लागल्यावर सहा महिन्यांत काढा. ही यादी हातात आली की त्या परीक्षेला बसायला काय लागतं ते बघा, मग कुठला कोर्स केला की तिथे बसता येतं ते बघा, आणि शाळा सगळ्यात शेवटी. एक शनिवार-रविवार जाईल यात पण हजारो डॉलर वाचतील.

त्याच वेळी तुमच्या राज्याचा कायदाही बघून घ्या, कारण अमेरिकेत एमएसाठी देशभर एकच नियम नाही. बऱ्याच राज्यांत लायसन्स असं काही लागत नाही, डॉक्टर आपल्या जबाबदारीवर काम सोपवतात. पण वॉशिंग्टन राज्यात तिथल्या आरोग्य खात्याकडून क्रेडेन्शियल, म्हणजे अधिकृत परवानगी, घ्यावंच लागतं. कॅलिफोर्नियात इंजेक्शन द्यायचं असेल तर आधी किमान १० तासांचं ट्रेनिंग आणि प्रत्येक प्रकारची दहा-दहा इंजेक्शनं नीट देऊन दाखवावी लागतात, रक्त काढायलाही तसंच १० तास आणि १० वेळा. आमच्या न्यू जर्सीत डॉक्टरांना इंजेक्शनचं काम एमएवर सोपवायचं असेल तर ती एमए सर्टिफाइड असावी लागते. म्हणजे टेक्सासमधल्या मावसबहिणीने जे केलं ते तुम्हाला तसंच्या तसं लागू होईल असं धरून चालू नका.

परीक्षांबद्दल जरा नीट सांगते कारण इथेच लोक फसतात. सीएमए ही अमेरिकन असोसिएशन ऑफ मेडिकल असिस्टंट्स या संस्थेची परीक्षा, ही संस्था १९५६ पासूनची. २०० प्रश्न, १६० मिनिटं, चाळीस-चाळीस मिनिटांच्या चार भागांत. हिला बसायचा मुख्य रस्ता म्हणजे काहेप (CAAHEP) किंवा अ‍ॅबहेस (ABHES) या दोनपैकी एका संस्थेची मान्यता असलेला एमए कोर्स पूर्ण करणं. मान्यता शाळेला आहे एवढं पुरत नाही हं, त्या ठराविक एमए कोर्सला आहे का ते विचारायचं, माझ्या ओळखीतल्या त्या बाईचं नेमकं इथेच चुकलं, शाळा मान्यताप्राप्त होती पण कोर्सला यातली कुठलीच मान्यता नव्हती. काहेप आणि अ‍ॅबहेस दोघांच्याही वेबसाइटवर कोर्स शोधता येतो, शाळेच्या ऑफिसमधल्या गोड बोलणाऱ्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका, स्वतः बघा. सीसीएमए ही नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशनची, १८० प्रश्न असतात, त्यातले १५० मार्कांत धरतात, वेळ तीन तास. हिचा दरवाजा जरा मोठा आहे, गेल्या पाच वर्षांत एमएचा ट्रेनिंग प्रोग्रॅम पूर्ण केलेला असला तरी चालतं किंवा या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असला तरी बसता येतं. आरएमए ही अमेरिकन मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट्सची, २१० प्रश्न दोन तासांत. माझ्या मते तुमच्या भागातल्या जाहिराती "कुठलंही चालेल" म्हणत असतील तर सीसीएमए पुरे, पण पुढे राज्य बदलायची शक्यता असेल, आणि आपल्या आयटीवाल्या घरांत ती कायमच असते, तर मान्यता असलेला कोर्स करून सीएमए काढलेलं बरं, ते बहुतेक ठिकाणी चालतं.

शाळा निवडताना कम्युनिटी कॉलेज पहिलं बघा. सर्टिफिकेट कोर्स साधारण नऊ महिने ते एक वर्ष, असोसिएट डिग्री केली तर दोन वर्षं. कम्युनिटी कॉलेजात त्याच काउंटीच्या रहिवाशांना फी कमी लागते, काही हजारांत काम होतं, खासगी शाळांत तेच पंधरा-वीस हजारांवर जाऊ शकतं. खासगी सगळ्या वाईट असं मी म्हणत नाही, त्यांच्या बॅच लवकर सुरू होतात, संध्याकाळचे वर्ग असतात, लहान मुलं असलेल्या बाईला ते सोयीचं पडतं. पण २०१५ मध्ये कोरिंथियन कॉलेजेस नावाची मोठी साखळी बंद पडली, त्यांच्या एव्हरेस्ट शाळांतून एमएचे कोर्स चालायचे, हजारो मुलं मधेच लटकली आणि डोक्यावर कर्ज राहिलं. म्हणून सही करायच्या आधी चार प्रश्न तोंडावर विचारा: गेल्या वर्षी किती जणांनी कोर्स पूर्ण केला, परीक्षेत किती पास झाले, नोकरी किती जणांना लागली, आणि प्रॅक्टिकमची, म्हणजे क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष काम करून शिकायची जागा शाळा शोधून देते का मलाच शोधायची. उत्तरं लेखी मागा. चौथ्या प्रश्नाला "आपण बघू" असं उत्तर आलं तर उठून या. संपूर्ण ऑनलाइन आणि दोन-तीन महिन्यांत एमए करून देणारे कोर्स पण असतात, थिअरी ऑनलाइन ठीक आहे, पण शीर शोधणं व्हिडिओ बघून येत नाही. आणखी एक रस्ता फार कोणाला माहीत नसतो, तो म्हणजे अ‍ॅप्रेंटिसशिप, काही मोठ्या हॉस्पिटल सिस्टिम स्वतःच पगार देऊन एमए शिकवतात, तुमच्या भागात असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही.

व्हिसाचं. एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर, शिकता येतं, नोकरीसाठी ईएडी म्हणजे काम करायचा परवाना लागतो, आणि ते २०१५ पासून ज्यांच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालंय अशांना प्रामुख्याने मिळतं. सरकारी आर्थिक मदत म्हणजे फाफ्साची, ती ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना मिळते, एच-फोरला नाही, म्हणून फी खिशातून. प्रॅक्टिकम बिनपगारी असतो तरी ईएडी नसेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारूनच पाऊल टाका, मैत्रिणीला चाललं म्हणून आपल्याला चालेल असं नाही. आणि भारतात बसून कोणी एजंट सांगत असेल की एमएचा कोर्स करा, एच-वन-बीवर पाठवतो, तर त्याला पैसे देऊ नका. एच-वन-बीसाठी कामच असं लागतं ज्याला निदान त्या विषयातली बॅचलर डिग्री हवी, एमएच्या कामाला ती लागत नाही.

कागदपत्रं काढताना आपल्या मराठी बायकांची एक खास अडचण येते ती म्हणजे नाव. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं, तेही माहेरचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. काहींचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. इथल्या ऑफिसमधल्या मुलीला ही तीन वेगळ्या बायकांची कागदपत्रं वाटतात. लग्नाचं सर्टिफिकेट, नाव बदलल्याचं गॅझेट असेल तर ते, आणि एक नोटराइज्ड अ‍ॅफिडेव्हिट की या सगळ्या मीच, एवढं एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. कोर्सला बारावी पुरते पण ती अमेरिकन हायस्कूलच्या बरोबरीची आहे हे दाखवायला मार्कशीटचं इव्हॅल्युएशन मागतात, ते नॅसेस (NACES) या परदेशी शिक्षण तपासणाऱ्या एजन्सींच्या संघटनेच्या सदस्य असलेल्या एजन्सीकडून करून घ्या. बारावीची मार्कशीट हरवली असेल तर तुमच्या विभागीय मंडळाकडून, म्हणजे माझ्यासारखीला कोल्हापूर, डुप्लिकेट मिळते, पण वेळ लागतो आणि तिथे कोणीतरी चकरा मारणारं लागतं, म्हणून हे सगळ्यात आधी सुरू करा. ज्यांची डिग्री झालेली आहे त्यांनी डिग्रीचंही इव्हॅल्युएशन एकदमच करून टाका, पुढे कामी येतं.

आता लसींचं, हे मन लावून वाचा. प्रॅक्टिकमला पाठवायच्या आधी शाळा लसींचे पुरावे मागते: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, फ्लू. आपल्याकडे लहानपणीचं लसीचं कार्ड कोणाकडे असतं? आईने जपलं असलं तरी त्यावर गोवरची लस दिली एवढंच असतं. घाबरायचं नाही, रक्ताची टायटर टेस्ट करायची, त्यात अँटीबॉडी दिसल्या की काम झालं. लहानपणी कांजिण्या होऊन गेलेल्यांची कांजिण्यांची टायटर बहुतेक पॉझिटिव्ह येतेच. हिपॅटायटिस बीचा मात्र तीन डोसांचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, प्रवेश घ्यायच्या आधीच पहिला डोस घ्या, मोठ्या माणसांसाठी महिन्याभरात दोन डोसात होणारी लस पण आहे, डॉक्टरांना विचारा.

आणि टीबीची टेस्ट. आपल्या दंडावर तो बीसीजीचा गोल वण आहे ना, त्या लसीमुळे हातावर टोचून बघायची जी कातडीची टेस्ट असते ती टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. माझी आली. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांच्या चकरा, आणि नऊ महिने गोळ्या घ्यायच्या का यावर चर्चा, माझी तर झोप उडाली होती. नंतर रक्तातून करायची टेस्ट केली ती निगेटिव्ह. ती क्वांटिफेरॉन नावाची टेस्ट बीसीजीने फसत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा, मला बीसीजी दिलेली आहे, मला रक्ताची टेस्ट हवी. नुसतं एवढं वाक्य माहीत असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते. यासोबत सीपीआरचं (बंद पडलेलं हृदय दाबून चालू ठेवायचं) ट्रेनिंग झाल्याचं बीएलएस कार्ड लागतं, शिवाय पोलिसांचं बॅकग्राउंड चेक आणि ड्रग टेस्ट होते, त्यात काही अवघड नाही.

अभ्यासात मेडिकल टर्मिनॉलॉजीची सगळ्यांना धास्ती असते. मला उलट ती सोपी गेली आणि त्याचं श्रेय शाळेतल्या मराठी व्याकरणाच्या बाईंना. उपसर्ग आणि प्रत्यय, बाकी काही नाही. हायपर म्हणजे अति, हायपो म्हणजे कमी, शेवटी आयटिस आलं की दाह, एक्टोमी आलं की कापून काढलं, ऑस्कोपी आलं की आत नळी घालून बघितलं. शब्द फोडायची सवय लागली की न ऐकलेला शब्दही कळतो. मी रोज वीस शब्द भाजी चिरताना मोठ्याने म्हणायचे, शेवटी माझ्या धाकट्याला ते पाठ झाले.

त्रास होतो तो आपल्या ओळखीच्या गोष्टींची नावं इथे बदलतात त्याचा. पॅरासिटामॉल इथे असिटामिनोफेन, ब्रँड टायलेनॉल. दम्याच्या पंपातलं साल्बुटामॉल इथे अल्ब्युटेरॉल. अ‍ॅड्रिनालिन इथे एपिनेफ्रिन. लूज मोशन म्हटलं तर कोणाला कळत नाही, डायरिया म्हणायचं. वजन पौंडात, उंची फूट-इंचात. आणि तारीख! महिना आधी, दिवस नंतर. प्रॅक्टिकमच्या दुसऱ्याच आठवड्यात मी रक्ताच्या ट्यूबच्या लेबलवर एका आजोबांची जन्मतारीख आपल्या पद्धतीने लिहिली, ३ एप्रिलचं ४ मार्च झालं. शिकवणाऱ्या बाईंनी लॅबला जायच्या आधी पकडलं म्हणून वाचले, नाहीतर लॅबने ते सॅम्पल टाकून दिलं असतं आणि त्या आजोबांना परत टोचून घ्यावं लागलं असतं. त्या दिवसापासून मी घरातल्या दुधाच्या हिशोबावर पण महिना आधी लिहिते. पेशंटची ओळख नेहमी दोन गोष्टींनी पटवायची, पूर्ण नाव आणि जन्मतारीख, आणि ती त्यांना बोलायला लावायची, "तुम्ही अमुक ना?" असं विचारायचं नाही, कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो.

हाताचं काम. बीपीपासून सुरू करा आणि मशीनवर नाही, स्टेथोस्कोप लावून हाताने घ्यायला शिका. पाय जमिनीवर टेकलेले, पाठीला आधार, हात हृदयाच्या पातळीवर, पाच मिनिटं शांत बसलेला आणि घेताना बोलत नसलेला माणूस हवा. कफ लहान पडला तर बीपी खोटं जास्त येतं, आणि खोट्या आकड्यावर डॉक्टर खरी गोळी वाढवतील हे लक्षात ठेवा. हवा हळूहळू सोडायची, सेकंदाला पाऱ्याचे साधारण दोन मिलिमीटर. मी नवरा, सासूबाई, शेजारची गुजराती काकू, खालच्या मजल्यावरचा कोरियन पोस्टमन, कोणालाही सोडलं नाही, दोन महिन्यांत शंभरच्या वर बीपी घेतले असतील. पहिले वीस वेळा मला कानात काहीच ऐकू आलं नाही, मग एका दिवशी अचानक तो ठोका लागला आणि मग कधी सुटला नाही.

रक्त काढणं याहून अवघड. कोपराच्या आतल्या बाजूला मधली शीर पहिली बघायची, डोळ्यांनी नाही, बोटाने, दाबली की परत वर येणारी ती शीर, कडक दोरीसारखी लागली तर ती नाही. दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटाच्या आत सुटला पाहिजे. सुई पंधरा ते तीस अंशात. आणि ट्यूबचा क्रम पाठच हवा, फिकट निळी, मग लाल किंवा सोनेरी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. हे नुसतं पाठ करू नका, कारण समजून घ्या म्हणजे विसरणार नाही. जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीए नावाचं रक्त गोठू न देणारं रसायन असतं, त्यात पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं. ती आधी भरली आणि सुईवरून त्याचा अंश पुढच्या ट्यूबमध्ये गेला तर पेशंटचं पोटॅशियम जास्त आणि कॅल्शियम कमी दिसेल, आणि चांगल्या माणसाला रात्री फोन करून इमर्जन्सीत बोलावतील. शीर दोनदा नाही मिळाली तर तिसऱ्यांदा टोचू नका, दुसऱ्याला बोलवा, त्यात कमीपणा नाही. इंजेक्शन त्यापेक्षा सोपं आहे: स्नायूत ९० अंश, कातडीखाली ४५, कातडीच्या आत १० ते १५. तिथे अवघड असतं ते औषध परत परत तपासणं, बाटली उचलताना, भरताना, ठेवताना.

मला या कामात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मात्र ऐकणं. आमच्या भागात आपले खूप आजी-आजोबा येतात, मुलांकडे सहा महिने आलेले किंवा कायमचे राहिलेले. ते म्हणतात "कसंतरी होतंय", "अंगात कणकण आहे", "जीव घाबरा होतो", "पोटात गुबारा धरलाय". सोबत आलेला मुलगा इंग्रजीत नुसतं गॅस म्हणून मोकळा होतो. जीव घाबरा होणं म्हणजे कधी नुसती काळजी असते, कधी ठोके चुकत असतात. एमएने त्याचा अर्थ लावायचा नाही, पेशंटने जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत नोंदवायचं, कधीपासून, किती वेळ, कशाने वाढतं हे विचारायचं, आणि छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, शब्द अडखळणं यातलं काही दिसलं की बाकी सगळं टाकून त्याच क्षणी नर्सला किंवा डॉक्टरांना हाक मारायची. मराठी, हिंदी, गुजराती येतं हे इंटरव्ह्यूत जरूर सांगा, क्लिनिकला त्याची किंमत असते, पण डॉक्टर आणि पेशंटच्या मधे दुभाषी म्हणून उभं राहायला पात्रता तपासलेली असावी लागते, त्याची क्लिनिकची पॉलिसी आधी विचारा. नुसती भाषा येते म्हणून शस्त्रक्रियेच्या संमतीचं भाषांतर करायला बसू नका.

आणि गुप्तता. पेशंटची माहिती गुप्त ठेवायला लावणारा १९९६ चा हिपा कायदा कोर्समध्ये शिकवतात पण आपल्यासाठी त्याची खरी परीक्षा मंडळात होते. क्लिनिकमध्ये ओळखीची बाई दिसली तर आपण बाहेर तिला ओळख दाखवून "काय मग आता बरं आहे ना?" एवढं विचारलं तरी चारचौघांना कळलं की ती डॉक्टरकडे आली होती. ते पण नाही करायचं. काम नसताना कोणाची फाइल कॉम्प्युटरवर उघडायची नाही, स्वतःच्या सासूची सुद्धा, कोणी कधी काय उघडलं याची सिस्टिममध्ये नोंद राहते आणि यावरून नोकऱ्या जातात. आणि कोणी हळदीकुंकवाला रिपोर्ट पुढे केला की "मला सांगता येत नाही, डॉक्टरांना दाखवा" एवढंच म्हणायचं, पहिले दोन-चार जण नाराज होतात मग सवय होते त्यांनाही.

प्रॅक्टिकम काहेपच्या कोर्समध्ये किमान १६० तासांचा असतो, म्हणजे पूर्ण वेळ केला तर चार आठवडे. घरी आधीच सांगून ठेवा की या महिन्यात डबे, मुलांची ने-आण, सगळं दुसऱ्याने बघायचं आहे. रोज पंधरा मिनिटं आधी पोचा, रिकामा वेळ मिळाला की फोन काढू नका, खोल्या भरा, हातमोजे सुया गाऊन कुठे संपलेत ते बघा. हा एक महिन्याचा इंटरव्ह्यू आहे असं धरा, मला नोकरी तिथेच लागली, माझ्या वर्गातल्या आणखी तिघींना पण. शेवटच्या आठवड्यात ऑफिस मॅनेजरला सरळ विचारा, जागा आहे का, नसेल तर दोन ओळी शिफारस लिहून द्याल का. आपल्याला असं विचारायला संकोच वाटतो, पण इथे न विचारणाऱ्याला नोकरी नको आहे असंच समजतात.

परीक्षा कोर्स संपल्यापासून महिना-दोन महिन्यांत देऊन टाका, लांबवली की राहते. क्लिनिकलचा भाग आपल्याला जमतो, आपले मार्क जातात ते ऑफिसच्या कामात, इन्शुरन्समधला कोपे (दर भेटीला आपण भरायची ठरलेली रक्कम) आणि डिडक्टिबलचा (इन्शुरन्सने पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) फरक, निदानाचे आयसीडी-१० कोड आणि कामाचे सीपीटी कोड, अपॉइंटमेंटच्या पद्धती, कारण आपण यात वाढलेलो नाही. घरी आलेली इन्शुरन्सची पत्रं आजपर्यंत नवऱ्याकडे ढकलत असाल तर आता स्वतः उघडून ओळ न् ओळ वाचा, मला पुस्तकापेक्षा त्यानेच जास्त समजलं.

पगाराची अपेक्षा खरी ठेवा. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या मे २०२३ च्या आकड्यांप्रमाणे एमएचा मधला पगार वर्षाला ४२,००० डॉलर होता, म्हणजे तासाला साधारण वीस. आयटीशी तुलना केली तर मन खट्टू होईल, करू नका. ज्या बीएचएमएस, बीडीएस, फिजिओथेरपी करून आल्यात त्यांनी तर हे नीट समजून घ्या, तिकडे तुम्ही स्वतः निदान करत होता, इथे तुमच्या जिभेवर उत्तर असलं तरी गप्प राहायचं आहे, आणि ते काहींना खरंच फार जड जातं, एक मैत्रीण रोज गाडीत बसून रडायची. पण तिने ते तास मोजून लिहून ठेवले, कारण पीएच्या शाळा पेशंटसोबत प्रत्यक्ष काम केल्याचे तास मागतात आणि एमएचे तास बऱ्याच ठिकाणी धरतात. तुमचं तसं काही मनात असेल तर पहिल्या दिवसापासून वहीत तारीख, तास आणि केलेलं काम लिहा, आणि दर सहा महिन्यांनी त्यावर सुपरवायझरची सही घ्या, कारण ती बाई नोकरी सोडून गेली की मग सही कोण देणार. सर्टिफिकेटच्या तारखाही त्याच वहीत लिहून ठेवा, सीसीएमए दर दोन वर्षांनी रिन्यू करावं लागतं, आरएमए तीन, सीएमए पाच, आणि त्यासाठी लागणारे पुढच्या शिक्षणाचे क्रेडिट शेवटच्या महिन्यात सगळे एकदम गोळा करायला बसू नका, महिन्याला एक तास दिला तरी होऊन जातं.